नवशिक्याची चाल

दिवाळीचा फराळ आटोपला, की पुष्कळ घरांत तीन पत्तीचा डाव मांडला जातो. त्यात मुरलेला खेळाडू सर्वांत जास्त बिचकतो तो नवशिक्याला. "काका, जोडी मोठी की कलर?" असे विचारत हा गडी खुशाल ब्लाइंड चाल टाकत राहतो.

मुरलेल्याचे हुकमी अस्त्र म्हणजे ब्लफ. पण ब्लफला भिणारा समोर हवा ना! ज्याने स्वतःची पाने पाहिलेली नाहीत, तो तुमचा चेहरा काय वाचणार? शिवाय पाने पाहिलेल्याला ब्लाइंडच्या दुप्पट मोजावे लागतात आणि बहुतेक घरांतल्या रिवाजाप्रमाणे ब्लाइंडवाल्याकडे शो मागता येत नाही.

बँकेत उमर गेली, म्हणून हिशेब मांडतो. ५२ पत्त्यांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी १६,४४० वेळा, म्हणजे चारांतून जवळजवळ तीनदा, हाती जोडी, कलर, सिक्वेन्स काहीच नसते. ट्रेल तर अवघी ५२ वेळा. तेव्हा नवशिक्यापुढे सोंगे नकोत. फुटकळ पाने निमूट टाकावीत, बरी जोडी आली की सरळ चाल वाढवावी. तो पैसे घालतोच.

पण ते पैसे कोणाचे? नव्या जावयाचे, नाहीतर पहिला पगार हाती आलेल्या पुतण्याचे. हरत गेला की तोच ईर्षेने म्हणतो, "बूट वाढवा!" त्या क्षणी वडीलधाऱ्याने पत्ते गोळा करावेत. बँकेत आम्ही ऐपत तपासून कर्ज देत असू. घरात ती आपल्याला आधीच ठाऊक असते.