इंदूर दरबारची ड्युसेनबर्ग

1964 साली पॉन्टियॅक कंपनीने आपल्या दांडग्या व्ही-8 मोटारीला ‘जीटीओ’ हे नाव दिले. ते सरळ फेरारीच्या 250 जीटीओ या शर्यतीच्या मोटारीवरून उचललेले होते. अमेरिकन मसल कारचा इतिहास बहुधा इथून सांगितला जातो. त्याआधी दोन वर्षे कॅरोल शेल्बीने इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचे व्ही-8 इंजिन बसवून कोब्रा उभी केली होती. युरोपच्या शर्यती आणि अमेरिकन ताकद यांचे नाते मात्र याहून अर्धशतक जुने आहे. त्याचा अप्रतिम नमुना आमच्या बुऱ्हाणपूरहून आसीरगड आणि मोरटक्क्याचा नर्मदा पूल ओलांडून गाठता येणाऱ्या इंदूरच्या दरबारासाठी घडला, याचा मला फार अभिमान वाटतो.

1912 साली प्यूजोने फ्रेंच ग्रां प्री जिंकली. त्या गाडीच्या इंजिनात माथ्यावर दोन कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह होते. पुढच्याच वर्षी ज्यूल गू याने प्यूजो घेऊन इंडियानापोलिसची 500 मैलांची शर्यत मारली. अमेरिकन कारागिरांनी हे इंजिन बारकाईने अभ्यासले. पुढे अमेरिकेत मोटारी बनवणाऱ्या ड्युसेनबर्ग बंधूंनी ही शिकलेली विद्या युरोपातच वापरून दाखवली: 1921 साली ल मान्सला झालेल्या फ्रेंच ग्रां प्रीत जिमी मर्फीने त्यांची गाडी पहिली आणली. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेल्या या अमेरिकन गाडीने युरोपला त्यांच्याच मैदानावर हरवले. देणेघेणे दोन्ही बाजूंनी होते, हे इथे ध्यानात घ्यावे.

1928 च्या अखेरीस आलेल्या ड्युसेनबर्ग ‘जे’ मॉडेलमध्ये हेच सारे रस्त्यावर उतरले. सरळ रांगेत आठ सिलिंडर, सुमारे 6.9 लिटर, माथ्यावर दोन कॅमशाफ्ट, बत्तीस व्हॉल्व्ह. कंपनीचा दावा 265 अश्वशक्तीचा. 1932 पासूनच्या ‘एसजे’ला सुपरचार्जर जोडला आणि दावा 320 वर गेला. सुपरचार्जरचे श्रेय युरोपला देण्याचा मोह मला टाळावासा वाटतो. ड्युसेनबर्गने 1924 सालीच सुपरचार्जर लावलेल्या गाडीने इंडियानापोलिस जिंकले होते. 

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) 1926 साली गादीवर आले आणि 1930 मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस याच्याकडून त्यांनी माणिक बाग राजवाडा बांधवून घेतला. आधुनिक वस्तूतली सफाई ओळखणारी ही नजर होती. त्याच नजरेने त्यांनी ‘एसजे’ची लांब, 153.5 इंची चासी निवडली आणि बॉडी बांधायला लंडनच्या गर्नी नटिंगला दिली. ट्रकची चासी एकीकडून घ्यायची आणि बॉडी दुसरीकडे बांधायची, ही आपल्या महामार्गांवरची रीत. तीच इथे महाराजांच्या ऐपतीने झाली. 1930 च्या दशकाच्या मध्यास तयार झालेली ही स्पीडस्टर नारिंगी आणि काळ्या रंगात सजली. एवढ्या लांब चासीवर मुख्य बैठक फक्त दोघांची. उरलेली लांबी केवळ इंजिन आणि रूपासाठी. दरबारी मिरवणुकीची मोटार अशी नसते. ही स्वतः गाडी चालवू इच्छिणाऱ्या माणसाची मोटार आहे.

मसल कारची कल्पना म्हणजे रस्त्याच्या गाडीत शर्यतीची ताकद. ती इथे आधीच पूर्ण आहे, आणि तीत फ्रान्सचे तंत्र, अमेरिकेचे लोखंड आणि लंडनचे पत्रे एकत्र आहेत. फरक एवढाच की 1964 ची जीटीओ तरुण नोकरदारालाही हप्त्याने घेता येत होती आणि ही फक्त संस्थानिकाला.

ड्युसेनबर्ग कंपनी 1937 साली बंद पडली. ‘जे’ मालिकेच्या एकूण गाड्या पाचशेहून कमीच निघाल्या. होळकरांची गाडी पुढे अमेरिकेत गेली आणि तिथल्या संग्राहकांनी जपली. आता ती जुन्या मोटारींच्या मोठ्या प्रदर्शनांत इंदूरच्या नावानेच ओळखली जाते. माणिक बागेत आता सरकारी कर कार्यालय आहे. निमाडात आणि खानदेशात होळकर म्हटले की अहिल्याबाईंचे घाट आठवतात, ते योग्यच. पण या घराण्यातल्या एका तरुणाने यंत्राच्या सौंदर्यावर केलेले प्रेमही आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत यायला हवे.