पाठभेद आणि विषमज्वर

दूषित अन्नपाण्यावाटे 'साल्मोनेला टायफी' हा जीवाणू शरीरात शिरला की विषमज्वर होतो. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल हाती येईपर्यंत त्यावर नेमके औषध नव्हते. पुढे अँपिसिलिन व को-ट्रायमॉक्सॅझोल आली; परंतु १९९० च्या सुमारास या तिन्हींना दाद न देणारे वाण भारतीय उपखंडात पसरले. अशा औषधरोधी वाणांचा माग आज जीवाणूचा जनुकसंच वाचून घेतला जातो. मराठीच्या अध्यापकाने या प्रांतात शिरावे, हे काही श्रोत्यांना धाडसाचे वाटेल. परंतु ही पद्धती मला परकी वाटत नाही. ती आमच्या पाठचिकित्सेची सख्खी बहीण आहे.

जुन्या ग्रंथाची मूळ प्रत बहुधा हाती लागत नाही. लागतात त्या नकलांच्या नकला. एका लहियाने केलेली चूक पुढचा लहिया इमानाने उतरवतो. म्हणून दोन पोथ्यांत तीच विशिष्ट चूक आढळली, की त्या एकाच पूर्वप्रतीपासून निघाल्या असे अनुमान करता येते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा पोथ्यांची घराणी लावण्यात या न्यायाचा मोठा उपयोग झाला.

या जीवाणूची पोथी सुमारे ४८ लाख अक्षरांची. वर्णमाला मात्र चारच अक्षरांची. तिचा संपूर्ण पाठ २००१ साली प्रथम प्रसिद्ध झाला. हा लहिया मोठा सावध आहे. साधारणतः दोन वर्षांत एखादेच अक्षर बदलते. त्यामुळे दोन रुग्णांच्या रक्तातील जीवाणूंत एखाद-दुसऱ्या अक्षराचाच भेद असेल, तर त्यांचा उगम नुकताच एक होता. भेद शेकड्यांनी असेल, तर नाते दूरचे. २०१५ साली ६३ देशांतील १,८३२ नमुने असे ताडून पाहण्यात आले. 'एच-५८' हे एकच औषधरोधी घराणे दक्षिण आशियातून आफ्रिकेपर्यंत पोहोचल्याचे त्यातून दिसले.

पोथीत जसे प्रक्षेप असतात, तसे जीवाणूतही असतात. नोव्हेंबर २०१६ पासून सिंधमधील हैदराबादेत सेफ्ट्रिअॅक्सोन या भरवशाच्या इंजेक्शनालाही न जुमानणारा विषमज्वर आढळू लागला. पाठ वाचता कळले, की हा एच-५८ घराण्यातलाच जीवाणू. जुन्या तीन औषधांचा प्रतिकार त्याच्या मूळ संहितेत आधीच मुरलेला होता. त्यात प्लाझ्मिड नावाचे एक सुटे पान, बहुधा आतड्यातील ई. कोलाय जीवाणूकडून, येऊन पडले आणि सेफ्ट्रिअॅक्सोनही निष्प्रभ झाले. पोटात घेण्याचे भरवशाचे औषध उरले ते अॅझिथ्रोमायसिन. मात्र बांगलादेशातील संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिले, की एका प्रथिनातील ७१७ व्या स्थानी एकच घटक बदलला, की तेही चालत नाही.

हे वाचन रोग्याच्या उशाशी बसून करावयाचे नाही. त्याचा उपयोग धोरण ठरविण्यासाठी. प्रतिकार कोठून कोठे सरकतो आहे हे उमगले, तर औषधांची निवड आणि लसीकरणाचा क्रम लावता येतो. सिंधने नोव्हेंबर २०१९ मध्ये संयुग्मित लस नित्याच्या लसीकरणात घेतली. ती लस आपल्या दख्खनच्या हैदराबादेत तयार झालेली होती. त्याआधी २०१८ साली नवी मुंबई महापालिकेने लाखाहून अधिक बालकांना ती टोचली होती. सीमा या जीवाणूला ठाऊक नाहीत. भारत, पाकिस्तान, नेपाळ व बांगलादेश येथील सुमारे साडेतीन हजार नमुन्यांच्या २०२२ सालच्या अभ्यासात, १९९० पासून औषधरोधी वाणांनी किमान १९७ वेळा देशांच्या वेशी ओलांडल्याचे आढळले.

परंतु पोथीच मिळाली नाही, तर पाठ कशाचा वाचणार? त्यासाठी प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर व्हावे लागते. विडाल चाचणीने कोणते औषध लागू पडेल हे कळत नाही, आणि अंदाजाने दिलेली गोळी पुष्कळदा पुरावाच पुसून टाकते. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत जे डॉक्टर आहेत, त्यांनी कल्चरचा आग्रह धरावा. इतरांनी दुकानातून मनाने गोळ्या आणू नयेत. आणि आपण सर्वांनी शाळेच्या पाण्याची टाकी वेळच्या वेळी धुतली जाते की नाही, एवढे तरी पाहावे. पाणी शुद्ध असेल, तर या जीवाणूला पुढची नक्कल उतरवून घ्यायला नवे घर मिळत नाही.