गागोद्याचा चंदनी गणपती आणि धामकाठचा आश्रम

आश्विन सरत येतो तेव्हा पेण-रोह्याच्या भातखाचरांवर सोनसळी रंग चढलेला असतो. पेणच्या गणेशमूर्तींची कीर्ती महाराष्ट्रात घरोघर पोहोचली आहे. परंतु याच तालुक्यातील गागोदे गावी, भावे यांच्या घरी, एकेकाळी चतुर्थीला घडणारा गणपती मातीचा नसे, चंदनाचा असे. घरातील मुलांनी चंदन उगाळावे आणि त्या गंधातून आजोबा शंभुरावांनी मूर्ती सिद्ध करावी, अशी तेथील रीत. इतक्या कष्टाने घडविलेला देव शेवटी पाण्यात सोडावयाचा, याचे घरातील एका बालकाला फार वाईट वाटे. पूजेइतकेच विसर्जनही धर्माचे अंग आहे, हे त्याला पुढे उमगले. तो बालक म्हणजे ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोद्यास जन्मलेले आचार्य विनोबा भावे.

गीता सोप्या मराठीत वाचावयास मिळावी, ही मातोश्री रुक्मिणीबाईंची इच्छा. त्या १९१८ मध्ये निवर्तल्या. बारा वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९३० रोजी, विनोबांनी ‘गीताई’ लिहावयास घेतली. मातेचे ऋण असेही फेडता येते!

परंतु स्त्रियांसंबंधीची त्यांची तळमळ तेवढ्याने शमली नाही. ब्रह्मचर्य, संन्यास, ब्रह्मविद्या ही दालने पुरुषांना खुली आणि स्त्रीला मात्र संसार हाच एक आश्रम, हे त्यांना अन्यायाचे वाटे. स्त्रियांतून शंकराचार्यांच्या तोलाची विभूती निर्माण व्हावी, असे ते म्हणत. भूदानासाठी त्यांची पदयात्रा चालू असतानाच, २५ मार्च १९५९ रोजी, वर्ध्याजवळ पवनार येथे धाम नदीच्या काठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या भगिनींनी तेथे आजन्म सामूहिक साधनेचे जीवन पत्करले.

पहाटे ईशावास्याचे पठण, दिवसा विष्णुसहस्रनाम, सायंकाळी स्थितप्रज्ञाची लक्षणे. मधल्या वेळात शेत, गोशाळा, सूतकताई, स्वयंपाक आणि सफाई. भगिनी ‘मैत्री’ हे मासिकही काढीत आल्या. ज्या हातांनी जपमाळ ओढावी त्याच हातांनी खुरपे धरावे, यात त्यांना विसंगती वाटत नाही. आश्रमातील भरत-राम भेटीचे प्राचीन शिल्पही जमीन खणतानाच हाती लागले. श्रमाच्या पोटी देव सापडला, असे कोणी म्हटले तर त्यास भाबडेपणा म्हणू नये.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांना असाच नियम घालून दिला होता : ठरल्या वेळी प्रार्थना, ठरल्या वेळी अंगमेहनत, ठरल्या वेळी ग्रंथपठण. आळस हा आत्म्याचा वैरी, असे ते मानीत. मात्र त्यांच्या मठात मठाधिपतीची आज्ञा प्रमाण. पवनारला अधिपतीच नाही. कोणताही निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यावयाचा, एकीचेही मन वळले नसेल तर थांबावयाचे. आपल्या घरातील चार माणसांचे एकमत होताना काय यातायात पडते, हे वाचक जाणतातच. तेथे भगिनींनी हा नियम दशकानुदशके पाळला आहे.

पेणच्या शेजारी रोहा. तेथे १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. स्वाध्याय कार्याचे हे प्रवर्तक. त्यांनी १९५६ मध्ये ठाण्यास तत्त्वज्ञान विद्यापीठ स्थापिले. विद्यार्थ्यांनी तेथेच राहून भारतीय व पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे अध्ययन करावे, हा हेतू. त्यांचे निर्वाण २५ ऑक्टोबर २००३ रोजी झाले, तेही दिवाळीच्याच दिवसांत.

‘तेही’ म्हणण्याचे कारण असे. १९८२ च्या नोव्हेंबरात विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. प्रकृतीस उतार पडण्याची आशा असतानाच त्यांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारले. देशभरातून विनवण्या झाल्या, पण ते ढळले नाहीत. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, त्यांनी देह ठेवला. गागोद्याच्या चंदनी गणपतीचे विसर्जन पाहून हळहळणारे ते बालक येथवर येऊन पोहोचले होते.

पवनारच्या भगिनी आता वृद्ध झाल्या आहेत, त्यांची संख्याही घटली आहे. आजच्या मुली या वाटेला वळतील का, ही काळजी आश्रमाचा स्नेह असलेल्या अनेकांच्या बोलण्यात येते. विनोबांच्या पुण्यतिथीच्या सुमारास तेथे ‘मित्रमिलन’ भरते. दूरदूरची माणसे येतात, प्रार्थनेला आणि श्रमाला भगिनींबरोबर बसतात. यंदा आपल्या भागातून कोणी निघणार असेल, तर गागोद्याच्या नव्या भाताच्या चार लोंब्या बरोबर न्याव्यात.