भाडे वीस हजार, खर्च किती?

मुंबई-पुण्यात भाड्याचे घर शोधणारे कुटुंब दरमहा भाड्याचा आकडा पाहून अंदाजपत्रक आखते. प्रत्यक्षात घर त्या रकमेत पडत नाही.

एक उदाहरण घेऊ. भाडे २० हजार रुपये, अनामत एक लाख आणि ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. दलाली सर्वसाधारणपणे एका महिन्याच्या भाड्याइतकी असते. ती ११ महिन्यांत विभागली, तर दरमहा सुमारे १,८०० रुपये होतात. महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. एकूण भाडे आणि अनामतीवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ते आकारतात. येथे ते सुमारे ६०० रुपये होते. महापालिका हद्दीतील नोंदणी शुल्क एक हजार रुपये. दोन्ही मिळून महिन्याला दीडशेच्या आसपास. अनामतीवरील बुडीत व्याज सहा टक्क्यांनी धरले तरी ५०० रुपये. म्हणजे दिवा लावण्यापूर्वीच अडीच हजारांची भर पडते.

वीजबिलात वापरलेल्या युनिटच्या दराखेरीज स्थिर आकार, वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क असते. घर महिनाभर बंद राहिले तरी स्थिर आकार चुकत नाही. शिवाय गॅस, इंटरनेट आणि वाहनतळ यांचे पैसे निराळे.

वादाचा खरा मुद्दा सोसायटीच्या देखभाल खर्चाचा. घर भाड्याने दिल्यास सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते आणि अनेकदा ते भाडेकरूच्या माथी येते. राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. महापालिकेचे कर त्या हिशेबात धरता येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये हा आदेश वैध ठरवला. सेवाशुल्क दोन हजार असेल, तर बिनभोगवटा शुल्क २०० रुपयांपुढे जाऊ नये.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. देखभाल खर्च कोणी द्यायचा, रंगकामाचे पैसे अनामतीतून कापायचे का, याचा उल्लेख करारातच असावा. ताबा घेताना मीटरचे रीडिंग टिपून ठेवावे आणि मागील बिल भरल्याची पावती मागावी. तोंडी आश्वासनांचा हिशेब घर सोडताना लागत नाही.