गाडी जुनी, नाव आपलं

स्कूटी चालवणारी बाई आता तालुक्याच्या गावातही कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. मुलांची शाळा, बँक, बाजार, माहेरची चक्कर, सगळं तिच्यावरच तर होतं. पण बाईने मोटारसायकल घेतली म्हटलं की भुवया उंचावतात. त्यातून ती डोंगरदऱ्यांत चालणारी, उंच, दणकट, ज्यांना 'अ‍ॅडव्हेंचर टूरर' म्हणतात तसल्या जातीची असेल, तर विचारूच नका! मी तशी एक सेकंडहँड गाडी घेतली, दुरुस्त करून घेतली आणि रोज चालवते. "या वयात?" असं बऱ्याच जणींनी विचारलं. मग "आम्हालाही जमेल का गं?" असंही हळूच विचारलं. त्या दुसऱ्या प्रश्नासाठी हा लेख.

हौस होतीच, पण गरज जास्त होती. आमचा अकोले तालुका सह्याद्रीच्या कुशीतला. बचत गटांच्या बैठकांसाठी मला भंडारदरा धरणाच्या वरच्या अंगाला घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि दुसरीकडे हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला पाचनईपर्यंत जावं लागतं. एसटीच्या वेळा आणि बैठकीच्या वेळा जुळत नाहीत. पावसाळ्यात रस्त्यावर दगड वाहून येतात, स्कूटीचं पोट त्यांना घासतं आणि तिची छोटी चाकं खड्ड्यात अडकतात.

रॉयल एनफिल्डची हिमालयन ही गाडी अशाच रस्त्यांसाठी 2016 मध्ये आली. इंजिन 411 सीसीचं, पुढचं चाक 21 इंची, जमिनीपासून पोटापर्यंत 220 मिलिमीटर अंतर, टाकीत 15 लिटर पेट्रोल. नोव्हेंबर 2023 मध्ये मोठ्या इंजिनाची नवी हिमालयन आली आणि जुनी बंद झाली. म्हणजे 411 ची हवी तर ती आता सेकंडहँडच घ्यायची. नवीचा खर्च मला झेपणारा नव्हता, त्यामुळे ते माझ्या पथ्यावरच पडलं.

गाड्या बघायला भाच्याला घेऊन गेले. जिथे जावं तिथे पहिला प्रश्न ठरलेला, "मुलासाठी बघताय का?" माझ्यासाठी म्हटलं तरी किंमत भाच्यालाच सांगणार! मैत्रिणींनो, यावर उपाय एकच. काय बघायचं ते माहीत करून जायचं. दोन नेमके प्रश्न विचारले की समोरचा माणूस आपोआप आपल्याकडे तोंड करून बोलायला लागतो.

जाण्याआधी फोन करून सांगा, "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." गेल्यावर आधी इंजिनाला हात लावायचा. गरम लागलं तर शंका घ्यायची, की थंड इंजिन लवकर सुरू होत नाही म्हणून आधीच तापवून ठेवलंय का? मग बटण दाबायचं. या गाडीला किक नाही, त्यामुळे बॅटरी दमलेली असली की तिथेच कळतं. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर इंजिन तेल जाळतंय, मोठा खर्च येणार. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ आली तर घाबरायचं कारण नाही.

नंतर गाडी मेन स्टँडवर घ्यायला सांगा. पुढचं चाक उचलून धरलं की हँडल एका बोटाने डावी-उजवीकडे फिरलं पाहिजे. मध्यभागी अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेला, म्हणजे हँडलच्या मानेतले बेअरिंग झिजले. चाकांच्या स्पोकवर पान्याने हलकेच टिचकी मारायची. माठ घेताना मारतो ना, तशीच. घट्ट स्पोक टणकन वाजतो, सैल असेल तो बद्द. मागच्या चक्राचे दात करवतीसारखे टोकदार आणि एकीकडे कललेले दिसले तर चेन-सॉकेट बदलायचं आलं. टायरवर चार आकडे असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. आपण मसाल्याच्या पाकिटावरची तारीख बघतो, मग ही का नको?

डोंगरात चाललेली गाडी एखाददुसरी वेळ आडवी पडलेली असणारच. लिव्हरचं टोक घासलंय, फुटरेस्टला ओरखडे आहेत, एवढ्याने नाही म्हणू नका. पण हँडलच्या मानेजवळ फ्रेमवर वेल्डिंग किंवा ताजा रंग दिसला, नाहीतर हँडल सरळ धरून गाडी तिरकी चालली, तर कितीही स्वस्त असो, नमस्कार करून परत फिरायचं.

माझी गाडी 2019 ची. एक लाख दहा हजारांना ठरली. भिशीचे आणि वर्षानुवर्षं बाजूला टाकलेले पैसे कामी आले. एक मात्र ध्यानात ठेवा, सगळी रक्कम खरेदीतच संपवायची नाही. किमतीच्या पंधरा-वीस टक्के पैसे दुरुस्तीसाठी हातात हवेतच.

दुरुस्ती ओळखीच्या गॅरेजमध्ये केली. गॅरेजवाल्या दादांना म्हटलं, "जो पार्ट काढाल तो मला दाखवायचा. मी इथे स्टूलावर बसते." ते म्हणाले, "ताई, हात काळे होतील." म्हटलं, "तव्याने होतात तसेच ना?" मग तेही खुलले. वापराने झिजलेलं सामान बदललं: चेन-सॉकेट, कोनसेट, पुढच्या ब्रेकचे पॅड, मागचा टायर, बॅटरी. पुढच्या शॉकअपचे ऑइल सील गळत होते, तेही नवे घातले. इंजिन ऑइल, त्याचा फिल्टर, एअर फिल्टर आणि ब्रेक ऑइल बदललं, टॅपेट सेट केले. मजुरीसह एकोणीस हजार झाले. जुने पार्ट मी मागून घेतले. झिजलेलं आणि नवं शेजारी ठेवून पाहिलं की यंत्राचं भय निम्मं पळतं. आता चेन साफ करून तेल देणं, स्टार्टर बटण चालेना तर फ्यूज तपासणं, इंजिनाच्या उजव्या अंगाच्या काचेतून तेलाची पातळी बघणं, हे मीच करते. मोठ्या कामाला अर्थात गॅरेज.

आता उंचीचं. माझी पाच फूट दोन इंच, आणि या गाडीची सीट 800 मिलिमीटरवर. आधी नुसते चवडे टेकायचे. सीटवाल्याकडून फोम थोडा तासून घेतला आणि मागचा शॉकअप मऊ सेटिंगवर ठेवला. थांबताना दोन्ही पाय टेकायचा हट्ट सोडायचा. किंचित सरकून एक पाय भक्कम टेकवला की पुरतं. पेट्रोलसह गाडी दोनशे किलोच्या घरात जाते. पडली तर कंबर मोडून ओढायची नाही. इंजिन बंद करून गिअर टाकायचा. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा. मग गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची पट्टी धरायची आणि पायांच्या जोरावर मागे-मागे सरकत उठायचं. मैदानात सराव करा. एकदा स्वतः उचलली की भीती जाते. 2011 मध्ये 'बायकर्नी' हा बायकांचा मोटारसायकल गट सुरू झाला, तेव्हापासून कितीतरी जणी अशाच गाड्यांवरून लांब पल्ले मारताहेत. सगळ्या काही सहा फुटी नाहीत!

शेवटी कागदपत्रं. खरं तर हीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आरसीवरचे इंजिन आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवून बघा. थकलेले ई-चलन तपासा. मालकाने कर्ज काढलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 घ्या. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. विकत घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओत अर्ज करायचा, विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करायला टाकायचा. "सही करून ठेवलीय, सवडीने करा," असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आरटीओत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावरच येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलंय. आणि स्कूटीचं विनागिअर लायसन्स मोटारसायकलला चालत नाही, गिअरच्या गाडीचं वेगळं काढावं लागतं.

बचत गटांच्या कामात मी वर्षानुवर्षं बघते. बाई कर्ज काढते, हप्ते फेडते, गाडी दारात येते. आरसी बुकावर नाव मात्र मालकांचं, नाहीतर मुलाचं. "घरातच तर आहे," असं तीच म्हणते. पण विम्यातलं मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात संरक्षण ज्याच्या नावावर गाडी आणि पॉलिसी असते, त्यालाच मिळतं. नवऱ्याच्या नावावरची गाडी चालवताना बाई पडली, तर त्या संरक्षणात ती बसत नाही. स्कूटी असो नाहीतर हिमालयन, नवी असो की जुनी, हा नियम सारखाच.

तेव्हा आज एवढंच करा. कपाटातलं आरसी बुक काढा आणि नाव वाचा. ज्या गाडीचे हप्ते तुम्ही भरता, जी तुम्ही चालवता, तिच्यावर तुमचं नाव नसेल तर तो विषय संध्याकाळी जेवताना घरात काढा.