वेळेचे अभिवादन आणि माणसाचे अभिवादन : सेबुआनो व वऱ्हाडी व्यवहाराची तुलना

परभाषा शिकविणाऱ्या बहुतेक पाठ्यपुस्तकांचा पहिला पाठ अभिवादनाचा असतो. सकाळी काय म्हणावे, दुपारी काय म्हणावे, रात्री निरोप घेताना काय म्हणावे, अशी वाक्ये विद्यार्थ्याकडून प्रथम पाठ करून घेतली जातात. काही भाषांच्या बाबतीत ही रीत योग्य ठरते. मराठीच्या, विशेषतः वऱ्हाडातील मराठीच्या बाबतीत ती कितपत योग्य आहे, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात फिलिपाइन्समधील सेबुआनो भाषेशी तुलना करून या प्रश्नाचा विचार केला आहे.

सेबुआनो ही ऑस्ट्रोनेशियन कुलातील भाषा असून सेबू बेट, मध्य विसाया आणि मिंदानाओचा मोठा भाग येथे ती बोलली जाते. वैद्यकीय शिक्षणासाठी सेबू व दावाओ या शहरांत जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांच्या कानावर रस्त्यात आणि रुग्णालयात हीच भाषा पडते. तिच्यातील वेळवाचक अभिवादनांची रचना अत्यंत सुबोध आहे. ‘माआयो’ म्हणजे चांगले. त्याला ‘ङ’ हा जोडणारा वर्ण लागून ‘माआयोङ’ होते आणि त्यापुढे वेळेचा शब्द येतो. ‘माआयोङ बुन्ताग’ हे सकाळचे, ‘माआयोङ उद्तो’ ऐन मध्यान्हीचे, ‘माआयोङ हापोन’ दुपार कलल्यापासून अंधार पडेपर्यंतचे आणि ‘माआयोङ गाबिइ’ त्यानंतरचे अभिवादन होय. एक साचा आणि चार शब्द आले की शिकणाऱ्याचा दिवसभराचा व्यवहार सुरू होतो. मराठी भाषकाला अडचण येते ती वेळेच्या सीमांची. त्याची ‘संध्याकाळ’ तेथे स्वतंत्र उभी राहत नाही. तिचा उजेडातील भाग ‘हापोन’मध्ये आणि अंधारातील भाग ‘गाबिइ’मध्ये जातो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘माआयो’ हा सेबुआनोतील रोजच्या वापरातला शब्द आहे. ‘कुमुस्ता?’ या स्पॅनिशमधून आलेल्या प्रश्नाला ‘बरे आहे’ असे उत्तर देतानाही तोच वापरतात. म्हणजे अभिवादनाचा शब्द आणि घरातला शब्द एकच आहे. मराठीतील ‘शुभ सकाळ’, ‘शुभ दुपार’, ‘शुभ रात्री’ यांची घडण याहून वेगळी आहे. ‘चांगली सकाळ’ असे अभिवादन कोणी करीत नाही. इंग्रजी साच्यातील विशेषणाच्या जागी ‘शुभ’ हा तत्सम शब्द बसविला गेला आणि त्यापुढे ‘सकाळ’ हा रुळलेला मराठी शब्द आला. ‘शुभ रात्री’मध्ये तर घोटाळाच आहे. मराठीचा शब्द ‘रात्र’. ‘रात्री’ हे त्याचे सप्तमीचे रूप. संस्कृत ‘रात्रि’ हा शब्द घेतला असे मानले, तर १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार तो ‘रात्री’ असा लिहिता येतो. परंतु मग ‘सकाळ’ मराठी आणि ‘रात्री’ संस्कृत असा एकाच मालिकेत भेद पडतो. ‘सुप्रभात’ हा शब्द जुना खरा. मात्र त्याचे मूळ स्थान देवाला जागे करणाऱ्या स्तोत्रात आहे. मराठीत ते काम भूपाळीने केले. माणसाने माणसाला रस्त्यात म्हणावयाचा शब्द म्हणून ‘सुप्रभात’ नवाच आहे.

वऱ्हाडीपुरती आणखी एक ध्वनिविषयक अडचण आहे. वऱ्हाडीत ‘ळ’चा उच्चार ‘य’ होतो. डोळा ‘डोया’ होतो, सकाळ ‘सकाय’ होते. तरीही ‘शुभ सकाय’ असे कोणी म्हणताना आढळत नाही. जे अभिवादन बोलीचा उच्चार स्वीकारत नाही, ते बोलीत उतरलेले नसते, असे म्हणता येईल. शाळेतील सामूहिक ‘गुडमॉर्निंग’ आणि भ्रमणध्वनीवरून रोज पहाटे येणारे फुलांचे चित्र यांच्यापुरतेच त्याचे क्षेत्र बहुधा मर्यादित राहिले आहे.

मग वऱ्हाडी माणूस अभिवादनात वेळेची दखल घेत नाही काय? तो ती अवश्य घेतो. परंतु शुभेच्छेच्या रूपात घेत नाही, प्रश्नाच्या रूपात घेतो. अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील राजापेठेत सकाळी दुकान उघडणाऱ्याला शेजारी ‘चहा झाला काय?’ असे विचारतो. दुपारी तोच प्रश्न ‘जेवन झालं काय?’ असा होतो. खेड्यात सायंकाळी ‘आले काय वावरातून?’ असे विचारले जाते. एरवी ‘काय करून राह्यले?’ कोणत्याही वेळी चालते. रात्री निघताना ‘येतो मंग’ एवढे पुरते. ‘जातो’ म्हणणे अशुभ मानले जाते. या प्रश्नांना माहितीपर उत्तर अपेक्षित नसते. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ साली, केवळ संबंध जोडण्यासाठी व टिकविण्यासाठी होणाऱ्या भाषिक व्यवहाराचे जे वेगळेपण दाखविले, त्याची ही चोख उदाहरणे होत. सेबुआनोतही हा प्रकार आहे. ‘आसा का पादुलोङ?’ म्हणजे ‘कुठे निघालास?’ आणि ‘निकाओन ना का?’ म्हणजे ‘जेवलास का?’ हे तेथील ओळखीच्या माणसांतील नित्याचे प्रश्न आहेत. त्या भाषेत साचा आणि प्रश्न दोन्ही शेजारी नांदतात. वऱ्हाडीत साच्याची जागा वेळेच्या शब्दाने घेतलेली नाही. ती दुसऱ्याच प्रकारच्या शब्दांनी घेतली आहे.

ते शब्द वेळ सांगत नाहीत, माणूस सांगतात. शेतकरी ‘राम राम’ म्हणतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीशी नाते असलेला ‘जय गुरु’ म्हणतो. श्रीगोविंदप्रभूंच्या रिद्धपूरला मानणारा महानुभाव ‘दंडवत प्रणाम’ म्हणतो. मुस्लिम शेजारी ‘अस्सलाम अलैकुम’ म्हणतो, गजानन महाराजांचा भक्त ‘जय गजानन’ म्हणतो. आंबेडकरी समाजाचा ‘जय भीम’ यांत विशेष अर्थपूर्ण आहे. महार समाजाने वरच्या जातींपुढे ‘जोहार’ घालावा, ही रूढी शतकानुशतके चालत आली होती. तो शब्द वाकण्याचा होता. १९२७ साली अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर अमरावतीस भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वीकारले होते. पुढे कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांच्या पुढाकाराने ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ झाले. ‘जोहार’ एकाने घालावयाचा आणि दुसऱ्याने स्वीकारावयाचा होता. ‘जय भीम’ला ‘जय भीम’ हेच उत्तर असते. अभिवादनाच्या रचनेतच समानता आणणारा हा बदल होता.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने खरी कसोटी येथेच आहे. सेबुआनोत सकाळचे अभिवादन चुकून दुपारी वापरले, तर फार तर हसू होते. वऱ्हाडात ‘जय भीम’ला ‘नमस्कार’ असे उत्तर गेले, तर ती चूक वेळेची राहत नाही; ऐकणाऱ्याला तो नकार वाटू शकतो. उलट, समोरच्याचे आडनाव ऐकून त्याच्यासाठी अभिवादन निवडणे हेही त्याला एका चौकटीत कोंडणे ठरते. परप्रांतातून बदलून आलेला बँकेतील अधिकारी वा शिक्षक ‘गुडमॉर्निंग’चा आश्रय घेतो तो याच कारणाने. वेळवाचक अभिवादन कोणाचीही जात, पंथ वा धर्म विचारत नाही, ही त्याची जमेची बाजू नाकारता येणार नाही. मात्र ते सर्वांना सारखेच लागू पडत असल्यामुळे कोणा एकाची विशेष दखलही घेत नाही.

अभिवादन आदेशाने रुजविण्याचे प्रयत्नही झाले आहेत. दूरध्वनीवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावे, असे आवाहन महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये केले आणि त्या अभियानाचा प्रारंभ वर्ध्यातून झाला. अभिवादन ही सत्तेला आणि समाजाला किती महत्त्वाची गोष्ट वाटते, याचे हे अलीकडचे उदाहरण होय.

या विवेचनावरून मराठी शिकविणाऱ्यांसाठी काही निष्कर्ष निघतात. पहिल्या पाठात ‘शुभ सकाळ’ ते ‘शुभ रात्री’ ही मालिका देण्याऐवजी ‘नमस्कार’ व ‘राम राम’ ही दोन अभिवादने द्यावीत. त्यापाठोपाठ चहा-जेवणाचे प्रश्न आणि निरोपाचे ‘येतो’ शिकवावे. आणि एक नियम आवर्जून सांगावा : समोरच्याने जे अभिवादन केले असेल, तेच त्याला परत करावे. सेबुआनो शिकणाऱ्याने घड्याळाकडे पाहावे. वऱ्हाडात मराठी शिकणाऱ्याने आधी कान द्यावा.