बीपी आणि फिटच्या गोळ्यांनी कॅन्सरमधला विषाणू जागा होतो का?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या जवळपास सर्वच रुग्णांत एचपीव्ही हा विषाणू सापडतो. त्यातले १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार मिळून सुमारे ७० टक्के रुग्णांना कारणीभूत ठरतात. या विषाणूची ई-६ आणि ई-७ ही दोन जनुके खरी घातक. बिघडलेल्या पेशीची वाढ रोखणारे पी-५३ नावाचे प्रथिन आपल्या शरीरात असते. ई-६ त्याचाच नाश घडवते. ई-७ हे आरबी नावाचा दुसरा ब्रेक निकामी करते. मग पेशी बेफाम वाढत सुटतात.

एपिजेनेटिक औषध म्हणजे काय?

पेशीत जनुक असले तरी ते चालू असेलच असे नाही. डीएनएवर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटले की जनुक सहसा बंद पडते. डीएनएची गुंडाळी घट्ट झाली तरी तेच होते. कॅन्सरमध्ये शरीराची काही रक्षक जनुके अशीच कुलूपबंद होतात. ही कुलपे काढण्याचे काम एपिजेनेटिक औषधे करतात. बीपीसाठी दिले जाणारे हायड्रॅलाझिन मिथाइलचे कुलूप सैल करते, तर फिटवरचे व्हॅल्प्रोएट गुंडाळी सैल करते.

मग धोका कुठे?

औषधाला आपले जनुक कोणते आणि विषाणूचे कोणते, हे कळत नाही. रक्षक जनुके उघडताना ई-६ आणि ई-७ही जोरात चालू झाली तर? मेक्सिकोतील संशोधकांनी २००७ मध्ये नेमके हेच तपासले. प्रयोगशाळेतल्या काही पेशींत ही जनुके खरोखर जास्त सक्रिय झाली, तरी पेशींची वाढ मंदावली. औषध दिलेल्या बहुतेक रुग्णांच्या गाठींत मात्र ती तेवढीच राहिली किंवा कमी झाली. शिवाय व्हॅल्प्रोएटमुळे काही पेशींत पी-५३ जास्त टिकाऊ झाले, ई-६ला ते सहज नष्ट करता येईना.

उपचारात आले का?

२०११ मध्ये मेक्सिकोतच आजार बळावलेल्या ३६ रुग्णांवर चाचणी झाली. नुसत्या केमोथेरपीने आजार साधारण ६ महिने आटोक्यात राहिला, ही दोन औषधे जोडल्यावर १० महिने. पण एवढ्या थोड्या रुग्णांवरून निकाल पक्का होत नाही आणि हा नेहमीचा उपचार झालेला नाही.

त्यामुळे घरात या गोळ्या आहेत म्हणून कॅन्सरसाठी स्वतःहून घेऊ नयेत. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट बाळाला अपाय करू शकते. ई-६ आणि ई-७ शरीरात शिरूच नयेत, यासाठी मुलींना ९ ते १४ वयात एचपीव्हीची लस देणे आणि मोठेपणी तपासणी करून घेणे, हाच आजचा भरवशाचा मार्ग आहे.